काढून न टाकलेले प्लगइन

वाणीच्या संयमाची स्तुती आपल्याकडे पुष्कळ झाली; दृष्टीच्या संयमाची त्या मानाने थोडी. ओठ मिटता येतात, पापणीही मिटता येते. परंतु उघड्या डोळ्यांपुढे दुसऱ्याचे गुह्य येऊन पडले असता ते मनात उतरू न देणे, हे कठीण व्रत होय. वैद्य, पोस्टमन आणि परीट यांच्या व्यवसायात ते पूर्वी अंतर्भूतच असे. आपल्या काळात ते सोलापूरच्या साखर पेठेतील मडिवाळप्पांनी, दोन संगणकांच्या चिंचोळ्या दुकानात बसून, अठरा वर्षे पाळले.

दुकानात ऑनलाइन अर्ज भरले जात. मोहोळपासून मैंदर्गीपर्यंतची माणसे दाखल्यांच्या पिशव्या घेऊन येत. एक गिऱ्हाईक उठले की दुसऱ्याला बसवण्याआधी मडिवाळप्पा ब्राउझरमधले मागचे सारे पुसत: पाहिलेल्या पानांची यादी, साठवलेले पासवर्ड, कुकीज. “वेबसाइट आपल्या यंत्रात चिठ्ठी ठेवून जाते,” ते समजावत, “आपण पुन्हा कुठे दिसलो की तिच्यावरून ओळखते.” मग ते ब्राउझरला वरून जोडलेल्या प्लगइनांची यादी उघडत, कारण काही प्लगइने आपले चिन्ह लपवून आत बसतात आणि आतली वार्ता बाहेर पोचवतात. रांगेतली माणसे चुळबुळत. कपाळी भस्म रेखलेले मडिवाळप्पा घाई करीत नसत. शिवभक्त शरणांची वस्त्रे धुणाऱ्या संताचे नाव आपल्याला मिळाले आहे, तेव्हा दुसऱ्याचे स्वच्छ करून परत देणे हे आपले कर्तव्यच, अशी त्यांची साधी समजूत होती.

एकदा शेजारच्या बनाबाई आपला लॅपटॉप पदराखाली धरून आल्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या ऑर्डरी त्या त्यावर घेत.

“अप्पा, ह्याला बगा की जरा. एकदा, एकदाच गुडघ्याचा पट्टा बगितला. तवापासनं बातम्या लावल्या तरी पट्टा, भजन लावलं तरी पट्टा. नवऱ्यानं बी एवढा पाठलाग न्हाई केला माझा.”

“मग पट्टा घेतला का?”

“कुटला. पायऱ्या चढायच्या त्या चढतेच की.”

मडिवाळप्पांनी कुकीज पुसल्या. यादीत सवलतीची कूपने दाखवणारे एक प्लगइन निघाले. ते कधी घेतले हे बनाबाईंना आठवेना. सर्व पानांवरचा मजकूर वाचण्याची मुभा त्याने मागून ठेवली होती.

“समदं वाचतंय व्हय हे? चटणीचं बी?”

“चटणी कशी करता ते नाही. कुणाला किती तिखट पाठवता ते वाचत असेल.”

प्लगइन गेले. उठता उठता बनाबाई म्हणाल्या, “जगाचं धुताय अप्पा. घरचं कवा बगितलंय का?”

दातांत अडकलेल्या शेंगेच्या फोलपटासारखा तो प्रश्न दिवसभर राहिला. दिव्याखाली अंधार असतो, हे खोटे नाही. संध्याकाळी मडिवाळप्पांनी घरचा संगणक लावला, यादी उघडली, आणि तिच्यात आपण न ठेवलेले एक नाव पाहिले. चिन्ह लपवलेले होते. त्यांनी पाहिलेली पाने आणि शोधलेले शब्द यांचा अहवाल ते रोज एका पत्त्यावर ईमेलने धाडीत होते. पत्ता अनिलकुमारचा होता.

अनिलकुमार हा त्यांचा एकुलता मुलगा, पुण्यात नोकरीला. आदल्या वर्षी पत्नी अक्कम्मा गेल्या, त्या दिवसांत कुणी भामट्याने फोनवरून मडिवाळप्पांना गंडवण्याचा यत्न केला होता. “अप्पा, मशीन नीट करून देतो,” म्हणत अनिलकुमार तासभर बसला होता. तेव्हाच ही पहाऱ्याची योजना झाली असावी.

काढून टाकण्याच्या बटणावर त्यांनी बाण नेला. इतरांच्या यंत्रांतून अशी शेकडो त्यांनी क्षणात उपटली होती. मागच्या खोलीत अक्कम्मांची पाट-पाणी घेण्याची जागा रिकामी होती, आणि दिवसभरात त्यांना नावाने हाक मारणारे त्या घरात कुणी उरले नव्हते. कुणीतरी पाहत आहे, या विचाराचा त्यांना राग यायला हवा होता. तो आला नाही. त्यांनी बाण बाजूला घेतला.

दुसऱ्या दिवशी इष्टलिंगाची पूजा आटोपून ते संगणकापुढे बसले आणि शोधाच्या चौकटीत त्यांनी लिहिले: “अनिल, तळ्यावर आज बगळे पुष्कळ आहेत. ऊट आतेनु?” जेवण झाले का, हे विचारल्याशिवाय त्यांच्या घरी कुठलाही संवाद पुरा होत नसे. यंत्राने बगळ्यांची चित्रे दाखवली. मडिवाळप्पांनी खिडकी मिटली.

मग तो नित्यक्रमच झाला. “अनिल, आईची इरकल मावशीला द्यावी म्हणतो.” “अनिल, बनाबाईंनी चटणी दिली आहे, तुझ्यासाठी ठेवतो.” रविवारी मुलाचा पाच मिनिटांचा फोन येई, त्यात यातले काही निघत नसे. मडिवाळप्पांना त्याचे कौतुकच वाटे. पाहून न पाहिल्यासारखे करणे हा आपलाच गुण मुलात उतरला, असे ते मानीत, आणि म्हणून स्वतःही कधी विचारीत नसत.

मार्गशीर्षात त्यांनी लिहिले: “अनिल, जिना चढताना दम लागतो. काळजीचे काही नाही.” त्याच दुपारपासून हृदयतपासणीच्या जाहिराती त्यांच्या मागे लागल्या. त्यांनी कुकीज पुसल्या.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला अनिलकुमार आला. नंदीध्वजांची मिरवणूक गच्चीवरून पाहायची ठरली. तो दोन-दोन पायऱ्या ओलांडीत वर गेला आणि वरून ओरडला, “अप्पा, लौकर या की, पुढं जातील.”

मडिवाळप्पा जिन्याच्या मध्यावर कठडा धरून उभे राहिले. वर मुलगा फोनमध्ये चित्र घेत होता. त्याने खाली वळून पाहिले नाही. आपले लिहिणे वाचले जात नाही, हे त्यांना तिथे उमगले. श्वास जागेवर आल्यावर ते उरलेल्या पायऱ्या चढले, आणि मिरवणुकीची शेपटी त्यांनी पाहिली.

“दमलात का?”

“वय झालं.”

तो परतल्यावर दुसऱ्या सकाळी ते पुन्हा संगणकापुढे बसले. मग त्यांनी लिहिले, “अनिल, गाडी वेळेवर पोचली का? ऊट आतेनु?”

चैत्रात, पूजेच्या आसनावरच, ते गेले.

दिवस झाल्यावर बनाबाई अनिलकुमारला म्हणाल्या, “रोज सकाळी ल्हित हुते की तुमाला. मी भाकरी द्याय यायची, तर म्हनायचे, थांबा, अनिलला सांगतोय. तुमी काय म्हनायचा त्यास्नी?”

अनिलकुमारने फोन हातात घेतला. ते अहवाल परस्पर एका वेगळ्या फोल्डरमध्ये जावेत अशी तजवीज त्यानेच पहिल्या महिन्यात केली होती. नंतर तो फोल्डर त्याच्या स्मरणातून गेला होता. त्याने तो तिथेच ओट्यावर बसून उघडला.

दुकानातल्या दोन्ही संगणकांवर कुणाचीही कसलीही खूण नाही. घरच्या संगणकावर एक प्लगइन आहे. अनिलकुमारपाशी सातशेहून अधिक अहवाल आहेत; तो रोज सकाळी त्यांतला एक वाचतो.