तेलाचं पोलाद

सुऱ्या घडवणाऱ्या त्या लोहाराला गल्लीतले लोक तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे ताठ्या. हे दुसरं नाव काकांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना त्याचं वाईटही वाटलं नव्हतं.

भट्टीच्या उजव्या हाताला त्यांच्या वडिलांच्या वेळची दगडी कुंडी होती, काठोकाठ पाण्याने भरलेली. लालबुंद पातं तिच्यात शिरलं की चर्र आवाज व्हायचा, वाफ छपराला लागायची आणि पातं कडक होऊन बाहेर यायचं. कुणी गिऱ्हाईक चौकशी करायला लागलं, की काका म्हणायचे, “पात्याला पाणी देतात. तेल, तूप, लोणी देत नाहीत. काय द्यायचं ते शब्दच सांगतोय की!” गिऱ्हाईक हसायचं, आणि काका त्याहून जास्त.

पुष्कळ वर्षं ते खरंही होतं, कारण त्यांचं पोलाद यायचं लाकडाच्या वखारीतून. जुन्या मोठ्या करवतींचं ते साधं पोलाद पाणी मुकाट्याने पिऊन घ्यायचं. मग वखार बंद पडली आणि काका भंगारातून मालट्रकच्या चाकांवर असतात ते कमानीचे पाटे आणायला लागले. त्यांचा एकुलता एक मुलगा तेव्हा चोविशीचा होता, नुकतंच लग्न झालेला. पाणी द्यायचं काम काकांनी त्याच वर्षी पहिल्यांदा त्याच्या हातात दिलं, आणि त्याच वर्षी पाती तडकायला लागली.

तडकताना आवाज मोठा होत नसे. कुंडीतून नुसतं टिंग ऐकू यायचं. पातं वर काढावं तर धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी रेघ. दहातली तीन जायची, कधी चार.

“घाई करतोस,” काका म्हणायचे.

मुलगा सावकाश करायचा. तरी टिंग.

“आता रेंगाळतोस.”

एकदा मुलगा गॅरेजवाल्याशी बोलून आला. म्हणाला, “बाबा, तो सांगतो, पाट्याचं पोलाद वेगळं असतं. कोमट तेलात घालून बघा म्हणतो. मी डबाभर आणलंय.”

काकांनी डब्याकडे पाहिलं आणि पायाने तो लवंडून दिला. तेल ऐरणीखालच्या मातीत जिरलं. “भजी तळायचीत का तुला? चूल आत आहे.”

पुढच्या महिन्यात खाटीक तुटलेली सुरी घेऊन आला. हाडावर बसताच तिचे दोन तुकडे झाले होते आणि त्याचा अंगठा थोडक्यात वाचला होता. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती. काकांनी मुलाला हाक मारून समोर उभं केलं, त्याचं मनगट धरून सगळ्यांना दाखवावं तसं वर केलं आणि म्हणाले, “या हाताचा गुण आहे हा. माझ्या वडिलांच्या कुंडीला बट्टा लावला याने. लोखंडसुद्धा ओळखतं, कुणाचा हात आहे ते.”

मुलाने हात सोडवून घेतला नाही. काकांनीच सोडला, तेव्हा तो आत गेला. आठवड्याभरात नवराबायको शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. त्याला एका मोठ्या इमारतीत लिफ्टवर नोकरी लागली होती.

त्यानंतर काका स्वतः कुंडीपाशी उभे राहिले. त्यांच्या हातातही पाती तडकली. आधी त्यांनी कोळशाला दोष दिला, मग थंडीला, मग स्वतःच्या डोळ्यांना. मुलाचं नाव मात्र त्यांनी यातून कधी वगळलं नाही. कुणी विचारलं, तर “पोराच्या हाताला जमलं नाही,” एवढंच सांगायचे. अशी नऊ वर्षं गेली.

एका सकाळी एक बाई भाजीची सुरी करून घ्यायला आल्या. कारखान्यात हत्यारं घडवतात त्या टूलरूममधून निवृत्त झालेल्या, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. काका पातं पाण्यात घालत असतानाच टिंग वाजलं.

“पोलाद कसलं आहे?” बाईंनी विचारलं.

“कमानीचा पाटा.”

“मग पाण्यात का घालता? हे तेलाचं पोलाद आहे. पाणी त्याला एकदम गार करतं, त्याला सोसत नाही ते.”

काका ताठ झाले. बाईंना ताठ माणसांची सवय असावी. “मी सांगते म्हणून नका ऐकू,” त्या म्हणाल्या. “करून बघा. नाही जमलं तर मला दोन शब्द ऐकवा.”

त्यांना दोन शब्द ऐकवायच्या हौसेनेच काकांनी करून पाहिलं. घरातून तेल आणलं, जेमतेम बोट ठेववेल इतकं गरम केलं. पातं लाल झालं, त्याला लोहचुंबक चिकटेनासं झालं, तसं त्यांनी ते सरळ, धार खाली धरून तेलात सोडलं. भपकन जाळ उठला. बाईंनी शांतपणे पत्र्याचं झाकण पुढे केलं. पातं निवल्यावर काकांनी त्यावर कानस ओढली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली, इतकं ते कडक झालं होतं. रेघ कुठेच नव्हती. दुसऱ्यालाही नाही, तिसऱ्यालाही नाही. त्या दिवसभरात त्यांनी बारा पाती घातली आणि बाराच्या बारा धड निघाली.

बाई केव्हाच गेल्या होत्या. काका ओट्यावर बसून राहिले. काकू झाडू घेऊन बाहेर आल्या.

“अगं, हात त्याचा वाईट नव्हता,” काका म्हणाले. “पोलाद तेलाचं होतं.”

काकूंनी झाडणं थांबवलं नाही. “हात वाईट नव्हता हे मला नऊ वर्षांपूर्वीच कळलं होतं. तो गेल्यावरही तुकडे निघतच होते की. झाडते तर मीच.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला दिसत नव्हते का?”

काकांना दिसत होते.

रविवारी ते बारांतली एक सुरी कागदात गुंडाळून मुलाकडे गेले. तिसरा मजला, एक खोली, खिडकीत वाळत घातलेला गणवेश. सुनेने पाणी दिलं आणि ती कोपऱ्यातल्या ओट्याकडे वळली. काकांनी सगळं सांगितलं: बाई, तेल, बारा पाती. सुरी पुढे केली. “तू म्हणाला होतास तेच खरं निघालं,” ते म्हणाले. हे वाक्य ते बसमध्ये चारदा मनाशी म्हणून आले होते.

मुलाने सुरी हातात घेतली नाही. भिंतीला टेकून ठेवलेल्या लाकडी फळीकडे बोट केलं.

“ती फळी दोन महिन्यांपासून तशीच पडली आहे, बाबा. चार स्क्रू बसवायचे आहेत. मी शेजाऱ्याची वाट बघतोय. माझ्या हातून बिघडेल असं वाटतं. प्रत्येक गोष्टीत वाटतं. लिफ्टला दोन बटणं असतात, वर आणि खाली, म्हणून मी तिथे टिकलो.”

“अरे, पण चूक तुझी नव्हतीच. पोलाद...”

“तेलाचं मी सांगितलं होतं, तेव्हा मला खात्री होती. पुढे तुमचंच खरं वाटायला लागलं.” त्याचा आवाज चढला नाही. “आता तुम्ही सांगता, नव्हती. बरं. मग आता मी काय करू?”

“परत ये. भट्टी आहे, आपण दोघं...”

“नको.”

काकांना वाटलं, आता तो भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. पण मुलगा उठला, चपला घातल्या आणि वडिलांना बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. वाटेत त्याने कुठली बस आधी मिळेल ते सांगितलं, खिडकीजवळ बसा म्हणाला, आणि बस येईपर्यंत थांबला.

घरी काकूंनी विचारलं, “काय म्हणाला?”

“बसचं सांगितलं.”

त्यानंतर काकू दर महिन्याला एकट्याच मुलाकडे जायला लागल्या. निघताना काका दारात यायचे, “मीही येऊ का?” असं ओठांवर यायचं. काकू पिशवी उचलायच्या आणि म्हणायच्या, “भात झाकून ठेवलाय. गरम करून घ्या.”