शेवाळ्यांच्या ऑपेरातलं गद्य

वाल्मीक शेवाळे सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. केसाएवढा फरक सापडला तरी सगळा माल परत पाठवायचे. त्यामुळे कारखान्यात त्यांना चहाला कोणी बोलवत नसे, आणि सिडकोतल्या त्यांच्या घरी ललिताबाई पोळ्या लाटताना उगाचच कडा चाचपून बघत. पण ललिताबाईंचं एक निरीक्षण होतं. बी.ए. झालेल्या बाई, निरीक्षण करणं सुटत नाही. मापाचा इतका पक्का माणूस एका बाबतीत मात्र बिनमापाचा होता, आणि ती बाब म्हणजे जर्मन ऑपेरा.

झालं असं, की शहाण्णव साली कारखान्यात नवीन मशीन बसवायला आयखलर नावाचे जर्मन साहेब आले. शेवाळ्यांनी त्यांना घरी जेवायला आणलं. ललिताबाईंच्या सासूबाई सिंधुबाई तेव्हा सटाण्याहून आलेल्या होत्या. त्यांनी खापरावर मांडे केले. साहेबांनी चार मांडे खाल्ले, आणि जाताना उपकार फेडावे तशी एक कॅसेट हातात ठेवली. त्यांच्याकडे चार रात्री चालणारं एक अवाढव्य संगीत नाटक आहे म्हणे. देवांचा राजा, त्याची लढवय्यी मुलगी, एक शापित अंगठी, आणि शेवटी सगळ्याला आग. त्यातले निवडक तुकडे या तासाभराच्या कॅसेटमध्ये. नवख्या माणसानं आधी हे ऐकावं, गोडी लागली तर पुढे जावं.

शेवाळ्यांनी कॅसेट लावली. सिंधुबाई जरा वेळ ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, “हाई बाई कसाले वरडी र्‍हायनी? तिनं काय दुखी र्‍हायनं?”

“आई, ती देवाची पोर आहे,” शेवाळे म्हणाले.

“मंग देवले सांग ना, दवाखानामा लई जाय!”

पण शेवाळे हरवून गेले होते. रोज कामावरून आले की कॅसेट. ऐकता ऐकता त्यांच्या तपासणी-नजरेला एक गोष्ट दिसली. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी आवाज हळूहळू विरून जायचा. म्हणजे पद संपलं. म्हणजे पुढे काय? पुढे अर्थातच गद्य!

त्यांनी हा शोध खंडेराव देवऱ्यांना सांगितला. खंडेराव कोर्टातून निवृत्त झालेले, गंगापूर रोडच्या संगीत रसिक मंडळाचे चिटणीस. त्यांचा उभा जन्म संगीत नाटकं बघण्यात गेलेला. ते म्हणाले, “शेवाळे, यात शोध कसला? आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांवर तरी काय असतं? पदं तेवढी घेतात, गद्य गाळतात. बोलल्याशिवाय नाटक होतं का कुठे? माणसं काय चार रात्री नुसती गात बसतील?”

तेव्हा ललिताबाईंनाही ते पटलं. न पटण्यासारखं काय होतं त्यात?

मग मंडळात शेवाळ्यांचं पहिलं व्याख्यान झालं. कॅसेटवरचं एक पद वाजवायचं आणि मधलं गद्य आपण सांगायचं, अशी योजना. गद्य कुठेच उपलब्ध नव्हतं, म्हणून शेवाळ्यांनी ते ‘अंदाजानं’ तयार केलं होतं. बापलेकीच्या प्रवेशात तर त्यांनी कमालच केली. देवांच्या राजाची मुलगी बापाला ताडकन म्हणते, “दादा, तलवार धरायला तुम्हीच शिकवलंत ना? मग ती मी कुणासाठी उचलली, हे विचारता कशाला?”

सभागृहात हुंदके ऐकू आले. मागच्या रांगेत ललिताबाई मात्र ताठ बसल्या. हे वाक्य त्यांचं होतं! फक्त त्यात तलवारीऐवजी पुस्तक होतं. विंचूरचं एक स्थळ नाकारलं तेव्हा त्या स्वतःच्या वडिलांना असंच बोलल्या होत्या, आणि लग्नानंतर कौतुकानं नवऱ्याला ते सांगितलं होतं. घरी जाताना त्यांनी विचारलं, “अहो, ती जर्मन मुलगी बापाला दादा म्हणते?”

“भाषांतर आहे ते,” शेवाळे गंभीरपणे म्हणाले.

पुढची सहा-सात वर्षं हे गद्य वाढत गेलं. गणेशोत्सवातून, महिला मंडळांतून शेवाळ्यांना बोलावणी येऊ लागली. ओझरला एकदा लोकांनी पदं वाजवू नका, नुसतं गद्यच म्हणा, असा आग्रह धरला. कारखान्यातला सगळ्यांना नकोसा माणूस गावात ‘ऑपेरावाले शेवाळे’ झाला. रस्त्यात लोक थांबवून नमस्कार करू लागले, आणि त्या नमस्कारांनी माणूस घरातही जरा मऊ वागू लागला, हे ललिताबाईंनी मनात टिपून ठेवलं.

दोन हजार तीन साली आयखलर साहेब पुन्हा यायचं ठरलं. खंडेरावांनी लगेच मंडळाच्या वर्धापनदिनाला त्यांना प्रमुख पाहुणे करून टाकलं. व्याख्यान शेवाळ्यांचं. ते साहेबांना समजावून सांगायला शेजारची सायली, ती जर्मनच्या क्लासला जायची. साहेबांना इतका आनंद झाला, की त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर भेट आधीच पाठवली. एक जाडजूड पेटी, आत सबंध नाटकाच्या सीड्या.

शेवाळ्यांनी सीडी प्लेअर उसना आणला आणि गद्याची वाट बघत बसले. ललिताबाई समोर गवार मोडत होत्या. गवार संपली. मेथी निवडून झाली. गाणं थांबेना.

“अहो, ही माणसं बोलतात कधी?”

“येईल, येईल. नांदी मोठी दिसतेय.”

आठवडाभर रोज नांदीच चालली होती. सायलीला बोलावून पुस्तिकेतलं वाचून घेतलं, तेव्हा तर कहरच झाला. एक दमलेला माणूस प्यायला पाणी मागतो, तेसुद्धा गाऊन. मध्ये बोलण्याचा एक शब्द नाही. आणि ती मुलगी बापाशी भांडते खरी, पण तलवारीचं ते वाक्य तिथे कुठेच नाही.

शेवाळ्यांचं तोंड उतरलं. “मी रविवारी आजारी पडतो.”

“पडा. काय होतंय म्हणून सांगू?”

“ललिता, तो साहेब समोर बसणार. सायली त्याला शब्दन् शब्द सांगणार. सगळ्या गावासमोर माझी शोभा होईल गं.”

ललिताबाईंना दया आली, पण त्या म्हणाल्या, “दुसऱ्याचा माल केसाएवढ्या फरकानं परत पाठवता. आता स्वतःचा आलाय तपासणीला. सांगून टाका खरं.”

शेवाळे रात्रभर कूस बदलत राहिले आणि रविवारी सकाळी वर्धापनदिनाच्या सभेत खरोखरच सांगायला उभे राहिले. “मंडळी, या नाटकात गद्य नाही. इतकी वर्षं मी सांगितलं ते माझं होतं. आज अस्सल ऐकू या.” आणि त्यांनी सीडी लावली.

अस्सल सुरू झालं. पहिल्या पाच मिनिटांत माना डोलल्या, पुढच्या पाचात जांभया आल्या, आणि मग खुर्च्या वाजू लागल्या. शेवटी खंडेराव उठले.

“शेवाळे, बंद करा ते. तुम्हाला फसवलंय. ही अपुरी प्रत आहे.”

“खंडेराव, हीच पूर्ण आहे!”

“पूर्ण? अहो, सगळं गद्य गाळलंय यातून!”

“बरोबर! बरोबर!” सभागृहातून आवाज आले.

सायलीनं साहेबांच्या कानात सगळं सांगितलं. साहेब गडबडीनं उभे राहिले आणि हात हलवत बोलू लागले. सायली म्हणाली, “काका, ते म्हणताहेत की यात गद्य कधी नव्हतंच.”

“पाहुणे आहेत, त्यांना काही बोलू नये,” खंडेराव हळू आवाजात, पण सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. “शेवटी इंजिनियर माणूस. मशीनचं विचारा त्यांना. शेवाळे, तुमचा विनय पुरे झाला, तो बापलेकीचा प्रवेश घ्या!”

टाळ्यांचा गजर झाला. शेवाळ्यांनी केविलवाणेपणानं बायकोकडे पाहिलं. ललिताबाईंनी मान खाली घातली. हसू दिसू नये म्हणून. मग शेवाळ्यांनी डोळे मिटले आणि प्रवेश म्हटला. सायली वाक्यावाक्याला साहेबांना सांगत होती. तलवारीच्या वाक्याला साहेबांनी चष्मा काढून रुमाल डोळ्यांना लावला. त्यांची मुलगी गेली दोन वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हती, हे सायलीनं नंतर सांगितलं. खंडेरावांनी मात्र तेवढ्यात जाहीर केलं, “बघा! ओळखलं त्यांनी. मूळ नाटकातलंच आहे!”

शाल, श्रीफळ आणि ‘ऑपेराभूषण’ ही पदवी घेऊन शेवाळे रिक्षात बसले. मांडीवर नारळ, आणि चेहरा माल परत आल्यासारखा.

“खरं सांगितलं तर एक माणूस ऐकायला तयार नाही,” ते म्हणाले. “आणि ललिता, ते खरं फार सुंदर आहे गं. चौथ्या दिवशी मला कळायला लागलं होतं.”

“अहो, पंधरा तासांचं खरं एका दमात कोणाच्या गळी उतरणार? त्यातलं तासाभराचं निवडून काढा. आधी तेवढंच ऐकवा.”

सिडकोचा रस्ता येईपर्यंत शेवाळे बोटांवर मिनिटं मोजत होते. मग नारळ तिच्या हातात देत म्हणाले, “तो दमलेला माणूस पाणी मागतो, तिथून सुरुवात केली तर?”