दसऱ्यापर्यंत हात मागू नये

बाबांच्या व्यायामशाळेत आपली जास्तीत जास्त ताकद, पोरांच्या भाषेत मॅक्स, अजमावून बघायची परवानगी वर्षातून दोनच दिवस होती, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला. बाकी वर्षभर नुसता सराव. आठ वेळा उचलता येईल एवढं वजन घ्यायचं आणि सहा वेळा उचलून निमूट खाली ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण अंगात रग असलेल्या माणसाला 'अजून दोन सहज होतील' असं वाटत असताना थांबवणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढण्यासारखं आहे. बाबा ते ताट रोज ओढायचे आणि त्याबद्दल पोरांच्या मनातल्या शिव्याही खायचे.

व्यायामशाळा म्हणजे जुन्या इंदूरमधल्या आमच्या घराला चिकटलेली एक लांबट खोली. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, तेव्हा तिथे त्यांचा घोडा बांधलेला असायचा म्हणे. घोडा गेला, तलवारही कोणत्या तरी काकांकडे गेली. खंडेनवमीला पुजायला आमच्याकडे उरला तो बाबांचा लोखंडी बार. विजेच्या ऑफिसातली नोकरी सांभाळून ते संध्याकाळी पॉवरलिफ्टिंग शिकवायचे. खांद्यावर वजन घेऊन बसायचं आणि उठायचं, बाकावर उताणं पडून छातीवरून वजन ढकलायचं, आणि जमिनीवरचं वजन उचलून ताठ उभं राहायचं. या तीनच गोष्टी, पण माणूस त्यात जन्म घालवू शकतो, हे मी घरातच पाहिलं आहे.

एकोणीस वर्षांची असताना मी त्यांचा नियम चांगला वर्षभर मोडला. शनिवारी दुपारी बाबा जेवून झोपले की मी गुपचूप खोलीत जायची आणि जमिनीवरून पंच्याण्णव किलो उचलून बघायची. मला शंभर हवे होते. मी दर शनिवारी जायची आणि दर शनिवारी पंच्याण्णवच उचलले जायचे. पुढे तेही जड जायला लागले. श्रावणातल्या एका शनिवारी बार गुडघ्यापर्यंत आला, तिथून हातातून सुटला आणि फरशीवर असा आदळला की समोरच्या घरातल्या बायका बाहेर आल्या. दारात बाबा उभे होते, बनियनवर.

"आज दसरा आहे का?" त्यांनी विचारलं.

त्यांनी माझ्या नडग्यांकडे बघितलं. बार घासून घासून तिथे खपल्या धरल्या होत्या. त्यांना सगळा हिशेब कळला असावा.

"अगं, तू रोज चेकच करत राहिलीस तर कमवशील कधी? बंद कर ये नाटक." मग खाली बसून, जरा नरम आवाजात, त्यांनी मला जे सांगितलं ते मी तेव्हा कंटाळून ऐकलं. ते म्हणाले, पूर्ण जोर लावला की शरीर दमतं, त्याला सावरायला आठ-दहा दिवस लागतात. आणि जोर लावूनही उचललं गेलं नाही तर मन दमतं, त्याला किती दिवस लागतील ते कोणी सांगू शकत नाही. मी पुढच्या पाडव्यापर्यंत मुकाट सराव केला आणि एकशे पाच किलो उचलले. तेव्हापासून 'आज दसरा आहे का' हा आमच्या खोलीतला परवलीचा शब्द झाला. कोणी जास्तीची प्लेट लावायला लागला की दहा जण ओरडायचे.

मागच्या वैशाखात बाबांच्या हातातून चहाचा कप पडला. आई कप का पडला म्हणून रागावत होती, आणि बाबा तिच्याकडे बघून बोलायचा प्रयत्न करत होते. लकव्याचा झटका होता. बोलणं आठवडाभरात परत आलं, पाय महिन्याभरात काठी टेकत चालायला लागला, पण उजवा हात मांडीवर कोणी दुसऱ्याचा आणून ठेवावा तसा पडून राहिला. फिजिओथेरपीला घरी येणाऱ्या ताईंनी एक मऊ चेंडू दिला, सकाळ-संध्याकाळ दाबायला. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पहिल्या सहा महिन्यांत जे मिळवाल ते मोठं असतं. आत्ता यांनी व्यायाम सोडला तर हात गेला समजा.

इतर घरांत आजाऱ्याला भेटायला लोक फळं घेऊन येतात. आमच्याकडेही आणायचे. पण पिशवी ठेवली की लगेच आपली दोन बोटं बाबांच्या उजव्या तळव्यात घालायचे आणि म्हणायचे, "दाबा बघू." वजनं उचलणारी माणसं ती, त्यांना दुसरं काय सुचणार! सकाळी शेजारचे काका, दुपारी बाबांच्या ऑफिसातले लोक, संध्याकाळी शिष्यांची रांग. बडा गणपतीजवळ नमकीनचं दुकान असलेला बाबांचा सगळ्यात जुना शिष्य, आता पन्नाशीला आलेला, रोज दुकान उघडायच्या आधी यायचा. "काकाजी, जोर लगाओ! और लगाओ! अरे व्वा, आज तो भोत आया!" असं म्हणून डोळे पुसत बाहेर जायचा. काहीही आलेलं नसायचं. बाबांनाही ते माहीत होतं, कारण त्यांच्या खोलीत आजवर कोणी वजनाबद्दल खोटं बोललं नव्हतं. बार अर्धवट उठला तर अर्धवट म्हणायचं, अशी तिथली रीत होती.

आणि मी? मी सगळ्यांत वाईट. मी भंवरकुआं भागातल्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. संध्याकाळी घरी आले की चपला काढायच्या आधी मी बाबांपुढे बोटं धरायची. "दाबा बाबा. कालच्यापेक्षा जास्त वाटतंय ना?" मला धीर हवा होता आणि तो मी त्यांच्याकडून रोज मागत होते. हे मला आज लिहितानाही लाजिरवाणं वाटतं.

महिन्याभरात त्यांनी चेंडू घेणं बंद केलं. ताई आल्या की भिंतीकडे तोंड करायचे. जेवण डाव्या हाताने, तेही अर्धं. आई म्हणायची, तू काही तरी बोल त्यांच्याशी. पण भिंतीकडे वळलेल्या त्या रुंद पाठीकडे बघितलं की मला भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी चिडते, हा माझा जुना स्वभाव.

मग आषाढात एका सकाळी त्यांच्या खोलीतून आवाज आला म्हणून धावत गेले. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. पाण्याने भरलेला तांब्या खाली पडून घरंगळत होता आणि त्यांचं धोतर, चादर, सगळं भिजलं होतं. आई मागून येऊन हळूच म्हणाली, "रोज करतात गं. उठले की आधी तांब्या उचलून बघतात."

"नाही येत," बाबा म्हणाले. "खतम झालं. उगाच त्या बाईंचे हेलपाटे कशाला?"

मी टॉवेल आणायला वळले होते, ती तशीच थांबले. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोलले नाही. मी ओरडलेच.

"आज दसरा आहे का?"

बाबांनी मान वर केली.

"सांगा ना, आहे का आज दसरा? मग कोणाच्या परवानगीने मॅक्स लावताय रोज सकाळी? माझ्या नडग्या सोलल्या, तेव्हा मला केवढं बोलला होतात!"

ते आधी इतके संतापले की मला वाटलं आता पुन्हा झटका येतो. कपाळाची शीर फुगली. मग तोंडाची एक बाजू हलली, आणि मला कळेना की ते हसताहेत की रडताहेत. दोन्ही होतं. मी टॉवेल घेऊन खाली बसले आणि त्यांचे पाय पुसता पुसता मीही रडले. "मी पण रोज मागत होते हात," मी म्हटलं. "चुकलं माझं. आजपासून कोणी मागणार नाही." आई दारात उभी राहून म्हणाली, आता दोघं उठा, पोहे गार होताहेत.

त्याच दिवशी नमकीनवाल्याने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दारावर पाटी लावली, "दशहरे तक काकाजी का हाथ कोई ना मांगे." ती वाचून आई म्हणाली, "या वयात कोण मागतंय!" पुष्कळ दिवसांनी घरात सगळे एकदम हसले. पाटीचा मात्र उपयोग झाला. लोक यायचे, पाटी वाचायचे, बोटं खिशात घालायचे आणि पावसापाण्याच्या गप्पा मारून जायचे.

ताईंनी दहा वेळा सांगितला असेल तर चेंडू आठ वेळाच दाबायचा, असं बाबांनीच ठरवलं. दोन शिल्लक. ताईंना आधी पटलं नाही, मग त्यांनी बघितलं की माणूस आठ तर आठ, पण दिवसातून चार वेळा करतोय, तेव्हा त्या गप्प बसल्या. आई कणीक भिजवली की परातीतला गोळा त्यांच्यापुढे सरकवायची. मक्याचे भुट्टे आले, तेव्हा दाणे सोडवायचं काम त्यांच्याकडे गेलं. डाव्या हातात भुट्टा, उजव्याचा अंगठा नुसता टेकवलेला. निम्मे दाणे खाली सांडायचे, आई वेचायची आणि किती झाले ते कोणी मोजायचं नाही. संध्याकाळी ते खुर्ची टाकून व्यायामशाळेत बसायचे आणि माझी पाठ वाकली की काठी आपटायचे.

माझ्यासाठी हे दिवस फार कठीण होते. रविवारी सकाळी मी त्यांची नखं कापायची. त्यांचा उजवा हात माझ्या हातात असायचा आणि माझी बोटं आपोआप त्यांच्या तळव्याकडे सरकायची. एकदा, फक्त एकदा, कोणाला कळणार आहे? एका रविवारी त्यांनी ते ओळखलं. "चोरी नको," ते म्हणाले. मी नेलकटर पुढच्या बोटाला लावला.

खंडेनवमीला आम्ही बार धुऊन पुसून त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी चार वाजता सगळे जमले. आमच्याकडे उचलायच्या आधी आपला आकडा मोठ्याने सांगावा लागतो. एकेकाने सांगितला, उचलला, कोणी हरला. नमकीनवाल्याने पाडव्यापेक्षा अडीच किलो जास्त उचलले आणि लहान पोरासारख्या उड्या मारल्या. मीही उचललं. मग सगळ्यांचं झाल्यावर त्याने सवयीने विचारलं, "काकाजी, कितना लगाऊं?" आणि विचारताक्षणी जीभ चावली.

"लोखंड राहू दे," बाबा खुर्चीवरून म्हणाले. "हिला बोलाव इकडे."

मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले. खोलीतला पंखासुद्धा कोणी तरी बंद केला.

"आकडा?" मी विचारलं.

"तुला दाबलेलं कळेल, इतकं."

मी उजव्या हाताची दोन बोटं, एकात माझी पुष्कराजाची अंगठी तशीच, त्यांच्या तळव्यात ठेवली. खोटं बोलायचं नाही हे मी ठरवलं होतं, आणि तरी मनात एक खोटं तयारही ठेवलं होतं. बाबांनी डोळे मिटले. पहिल्यांदा काहीच झालं नाही. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, खांदा वर आला, आणि हात तसाच. मग अंगठा आला. त्याच्या मागून बाकीची बोटं एकेक करून आली, आणि माझी दोन बोटं एकमेकांवर दाबली गेली.

"कळलं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"कळलं."

"खरं बोल."

"पुष्कराजाची अंगठी रुततेय, बाबा. दुखतंय."

मागे कोणी तरी टाळी वाजवायला गेला, त्याला दुसऱ्याने गप्प केलं. बाबांनी डोळे उघडून अंगठीकडे बघितलं. त्यांचा चेहरा पार विस्कटला होता. "झालं," मी म्हटलं, "आता सोडा."

त्यांनी सोडायला बघितलं, पुन्हा बघितलं. मूठ तशीच राहिली. ताईंनी मला नंतर सांगितलं की असं होतं, मूठ वळणं आधी येतं आणि उघडणं पुष्कळदा मागाहून येतं. त्या वेळी आम्हाला दोघांनाही ते माहीत नव्हतं.

"सुटत नाहीये गं," बाबा घाबरून म्हणाले.

"राहू दे. सोडायचं पाडव्याला बघू."

दारात आपट्याची पानं घेऊन माणसं यायला लागली होती. मी तशीच बसून डाव्या हाताने सोनं घेतलं आणि डावा हात म्हणून कोणी टोकलं नाही. आई बाबांची बोटं एकेक करून उघडायला पुढे आली, तर मीच तिला म्हटलं, थांब ना जरा.