फाइलीच्या खिशातलं गोंदण

आमच्या घरच्या जुन्या लग्नाच्या फोटोंत बायांचे चेहरे नाहीत, नुसते पदर आहेत. त्यातली कोण कोणती, हे फक्त आत्या सांगायची, तेही हातावरच्या गोंदणावरून. मी फोटो स्कॅन करत गेलो आणि तिचं सांगणं setfattr या कमांडनं फाइललाच जोडत गेलो. फोटोवर एक अक्षर नाही, पण फाइलीच्या खिशात चिठ्ठी. getfattr म्हटलं की चिठ्ठी बाहेर. या हुशारीवर मी असा खूश, की दुसरीकडे कुठंच काही लिहिलं नाही. मग आत्या गेली.

परवा पेन ड्राइव्ह घेऊन नेरला चुलत बहिणीकडे गेलो. ती पाळण्यात असतानाच तिची आई वारली. एका फोटोतल्या पाच बायांतली एक तिची आई, एवढंच तिला ठाऊक. मी लॅपटॉप उघडून ऐटीत getfattr मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. मग डोक्यात उजेड पडला: त्या पेन ड्राइव्हवर असे खिसेच नसतात. फोटो आले, चिठ्ठ्या गळल्या. घरच्या तरी शाबूत असतील का? पेन ड्राइव्हवर टाकताना मी cp करून नक्कल केली होती की mv करून फाइलच हलवली होती? mv असेल तर फाइल घरून उचललीच गेली, चिठ्ठीसकट संपली.

"दादा, यातली कोणती?" बहिणीनं विचारलं.

मला आठवेना. उठलो, बसलो, फाटकापर्यंत जाऊन आलो. शेवटी घरी बायकोला फोन लावून कॉम्प्युटरसमोर बसवलं. फाइल दिसते म्हणाली. म्हणजे cp. एकेक अक्षर सांगून कमांड टाइप करवली, तर ती वाचायला लागली: शून्य, एस, चार, के...

"हे तुमच्या आत्याबाईनं सांगतलं का?"

मराठी मजकूर ती कमांड अशा इंग्रजी अक्षरा-आकड्यांचं गाठोडं बांधून दाखवते, हे मी घाईत विसरलो होतो. गाठोडं सुटून नुसता मजकूर दिसावा म्हणून पुढे --only-values लावायला सांगितलं. फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे बराच वेळ नुसती बटणं वाजली. मग बहिणीच्या आईबद्दलचं ती सावकाश वाचू लागली.

"उजवीकडून दुसरी. मनगटावर तुळस. तवा पोटुशी होती, म्हणून मांगं उभी राह्यली."

बहिणीचं बोट मधल्या बाईवर होतं. ते सरकलं.

"मंग मीबी हाव यात," ती म्हणाली.

कॉम्प्युटर आता बंद करू का, असं बायको विचारत होती. हात लावू नको, निघूनच राह्यलो, म्हटलं, आणि चपला शोधायला लागलो.