लुटुपुटूची आवणी

नातीच्या पुस्तकात ‘लुटुपुटूचं म्हणजे खोटं’ असा अर्थ छापलाय. तो वाचतानाच कुकरमधून नव्या तांदळाचा वास आला आणि मी खर्डीला, आमच्या परसात पोचले.

सात वर्षांची होते. आई शेतात आवणी करायची, म्हणून मीही न्हाणीमागच्या चिखलात भाताची रोपं लावली, तिच्याच जुडीतून पळवलेली. आई काठी घेऊन धावली.

“लुटुपुटूची आवणी हाय गो आये!” मी रडत ओरडले.

तिनं रोपांकडे बघितलं, काठी टाकली. “अशी वरवर लावलीस त जगतील काय?” म्हणत एकेक रोप खोल रोवलं.

दिवाळीत त्यातून ओंजळभर तांदूळ निघाला. आईनं तो वेगळा शिजवला, चौघांना एकेक घास.

अर्थ लिहिणाऱ्यानं तो भात खाल्ला नसणार.