पंगत गावाला, पोटगी लेकीला

ती घटना आठवली की आजही माझा हात बुंदीपाशी अडखळतो. ज्याला पकडायला गेलो, त्याच्याच पंगतीत मी दोनदा वाढून घेतलं. पोलिसाच्या नोकरीत फजित्या पुष्कळ झाल्या, पण या फजितीची लाज काही जात नाही.

प्रकरण पोटगीच्या वसुलीचं. नवऱ्यापासून वेगळी झालेली एक बाई सातवीतल्या लेकीला घेऊन शहरातल्या गारखेड्यात राहत होती. लेकीची पोटगी ठरवताना कोर्टानं दोघांची मिळकत, शाळेची फी, घरभाडं, औषधपाणी असं सगळं पाहिलं होतं. नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र होतं, ‘भावाच्या शेतात मजुरी करतो.’ म्हणून रक्कम बेताचीच ठरली. पुढं बाई एका दवाखान्यात कामाला लागली, तशी यानं ती रक्कम आपल्या मनानंच निम्मी केली, मग बंदच. फीअभावी लेकीची शाळा सुटायची वेळ आली.

कोर्टानं वसुलीचं वॉरंट काढलं. नवऱ्याचं गाव वैजापूरकडचं. खाकी दिसली की हा गायब. शेवटी बाईच्या भावानं खबर दिली, "साहेब, सप्ताहात काल्याच्या दिवशी तो गाव सोडत नाय. साध्या कपड्यात जा."

मी आणि एक हवालदार गेलो. त्याचा चेहरा दोघांनाही माहीत नव्हता. चौकशी करण्याआधीच लोकांनी हाताला धरून आम्हाला पंगतीत बसवलं. पांढऱ्या कपड्यातला एक जण बुंदी वाढत आला.

"घ्या पाव्हणं, लाजू नका."

मी म्हणालो, "दादा, एवढ्या मायेनं वाढणारा माणूस पाहिला नाही. घाला आणखी!"

तेवढ्यात भोंग्यावर पुकारा झाला, "आजच्या पंगतीचे अन्नदाते..." आणि पुढं माझ्या खिशातल्या वॉरंटवरचंच नाव. वाढणाऱ्यानं बादली खाली ठेवून गावाला हात जोडले. हवालदारानं मान खाली घातली. हसू दाबताना त्याचे खांदे हलत होते.

हात धुतले आणि वॉरंट दाखवलं.

ठाण्यात तो गुर्मीत होता. "ती कमावती झाली ना साहेब? मग मी कशाला देऊ?"

"मग कोर्टात अर्ज करायचा. परिस्थिती बदलली की रक्कम वाढते, कमीही होते. पण ते कोर्ट ठरवतं. तू नाही."

"मजूर माणूस मी. कुठून आणू?"

"मजुराला गावजेवण झेपतं? का भावानं घातलं आणि नाव तुझं लावलं?"

हे त्याला झोंबलं. "भावाचा काय संबंध? दोन ट्रॅक्टर भाड्यानं चालतात माझे!"

रागाच्या भरात बोलून गेला. हवालदारानं तेवढं लिहून घेतलं. थकबाकी दुसऱ्याच दिवशी कोर्टात भरली गेली, फी भरून शाळा वाचली. ट्रॅक्टरांचा शोध लागल्यावर बाईनं वाढीचा अर्ज केला, तोही मंजूर झाला. मी शिकलो ते एवढंच: माणूस मिळकत कोर्टापासून लपवतो, पण गावापुढं ती मिरवल्याशिवाय त्याला राहवत नाही.

पण थकबाकी भरली त्या दिवशी ती पोरगी कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्याजवळ आली.

"काका, पप्पांनी सगळ्या गावाला जेवायला घातलं?"

"हो."

"मला नाही बोलावलं."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात तिला?"

"काय म्हणणार? तोंडच उघडलं नाही."

"बुंदी मागताना बरं उघडलं होतं."