चार ओळींची पत्रं

सव्वीस जानेवारीला शाळेत बोलावतात, शाल आणि नारळ देतात, आणि मी निर्लज्जासारखा घेतो. यंदाही घेतला. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई माईकवर म्हणाल्या, "आजोबांनी लढाईच्या धामधुमीत आपल्या अडाणी सोबत्यांची पत्रंसुद्धा लिहून दिली!" पोरांनी टाळ्या पिटल्या. ही बढाई मागच्या वर्षी मीच त्या बाईंपुढं मारलेली. टाळ्या ऐकताना वाटलं, धरणी फाटून पोटात घेईल तर बरं. घरी आल्यावर सून म्हणाली, "मामा, शाल छान आहे की हो." मी तिच्यावरच खेकसलो. तिचा बिचारीचा काय दोष?

सोबती अनेक नव्हते. एकच होता.

एकाहत्तरची लढाई मी ट्रकच्या स्टिअरिंगवर काढली. तो आमच्या कंपनीच्या लंगरवर स्वयंपाकी. माझं गाव होटगीजवळ, त्याचं अक्कलकोटच्या पलीकडं, म्हणजे फौजेच्या हिशोबानं सख्खा शेजारीच. घरात कानडी, बाहेर मोडकंतोडकं मराठी, गळ्यात लिंग. दारूला शिवत नसे. लिहिणं-वाचणं म्हणाल तर नुसती सही. मी सातवी पास, म्हणजे तिथं मोठा शहाणा. फौजेत रमचा वाटा प्रत्येकाला मिळतो. त्यानं आपला वाटा मला द्यायचा आणि मी त्याची पत्रं लिहायची, असं आमचं ठरलं.

संध्याकाळची भांडी उरकली की तो बादली पालथी घालून माझ्यासमोर बसायचा आणि बोलायला लागायचा. एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. बायकोला हे सांग, गाईला ते घाल, पायरी फुटलीय तिथं जपून उतर. अर्धं कानडी, अर्धं मराठी. मी आधीच रम घेऊन बसलेलो, माझं डोकं उठायचं. मी चार ओळी खरडायचो. मी खुशाल आहे, तुम्ही सर्व खुशाल असाल, जनावरांकडे लक्ष द्यावे, वडीलधाऱ्यांस नमस्कार. झालं पत्र.

मग तो म्हणायचा, "वाचून दाव की."

आणि मी त्या चार ओळींवर बोट फिरवत, त्यानं सांगितलेलं सगळं जसंच्या तसं बोलून दाखवायचो. गाय, पायरी, सगळं. डोकं लई तल्लख होतं तेव्हा माझं. तो खूश होऊन डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "काय लिवतोस रं बाबा!" दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात भाजी जास्त पडायची. अशी सहा पत्रं गेली.

मग त्याच्या बायकोचं पत्र आलं. गावातल्या गुरुजींच्या हातचं. मुलगी झाली होती. बारसं थांबवलंय, नाव तुम्ही कळवा, असं तिनं लिहून घेतलं होतं. तो त्या दिवशी लंगरभर नाचला. त्याची आई तो लहान असताना गेलेली, तिचंच नाव ठेवायचं म्हणाला. मी पत्र लिहिलं, सातवं. खुशाल आहे, खुशाल असाल, मुलगी झाल्याचे वाचून आनंद झाला, नमस्कार. कागद चिकटवूनसुद्धा टाकला आणि मग आठवलं, अरे, नाव राहिलं. म्हटलं जाऊ दे, पुढच्या खेपेला लिहू. त्याला मात्र मी चिकटवण्याआधी नावासकट वाचून दाखवलं होतं.

आठवड्यात लंगरवर तोफेचा गोळा पडला. मी तेव्हा दोन मैल मागं ट्रक भरत होतो.

लढाई संपल्यावर त्याच्या सामानाची काळी पेटी घरी पोचवायचं काम मला दिलं, गाववाला म्हणून. पेटी घेऊन मी त्याच्या दारात गेलो. बायको जेमतेम विशीची. पोरगी झोळीत. गुरुजी बाजूला बसलेले. तिनं सातही पत्रं माझ्यापुढं ठेवली.

"अण्णा, हितं असताना माझं माणूस लई बोलायचं," ती म्हणाली. "तितं गेल्यावर काय झालं त्याला? येका पत्रात बी मला कशी हाईस म्हणून इचारलं न्हाई. लेकीच्या नावाचं बी न्हाई. तुमच्यापाशी काय बोललं असंल की?"

नाव माझ्या जिभेवर होतं. सांगितलं असतं तर तिनं पुढं विचारलं असतं, मग पत्रात का नाही? गुरुजी माझ्याकडंच बघत होते. मी घाबरलो आणि बोलून गेलो, "लढाईची गडबड व्हती वहिनी. काय बोलला न्हाई."

बोललेला शब्द काही मागं घेता येत नाही. म्हणजे येतो हो! छातीत दम लागतो. तो मला नव्हता. गोळ्यांच्या पावसात ट्रक नेणारा मी, वीस वर्षांच्या बाईपुढं शेपूट घातलं. चहा पिऊन निघालो.

पुढं फौजेतून सुटलो आणि रेल्वेत लागलो, होटगीच्या अलीकडं फाटकावर. सव्वीस वर्षं फाटक उघडलं आणि लावलं. फाटक लागलं की मोटरसायकलवाले शिव्या द्यायचे, मीही दुप्पट द्यायचो. तिच्या गावाकडं जाणारी पॅसेंजर रोज माझ्या समोरून जायची, मी हिरवा झेंडा धरून उभा. त्या गाडीत बसायला मला रजा मिळत नव्हती असं नाही. कानावर आलं होतं की पोरीला बरीच वर्षं नावच नव्हतं, शाळेत घालताना गुरुजींनीच दाखल्यावर एक लिहून टाकलं. हे ऐकूनही मी गेलो नाही. थू माझ्या जिंदगानीवर!

यंदा त्या टाळ्यांनंतर मात्र घास उतरेना. चौथ्या दिवशी एसटीनं गेलो. सुनेला सांगितलं, पेन्शनचं काम आहे.

तीही म्हातारी झालेली. लेक माहेरी आली होती, तिचेही केस पिकलेले. मी ओसरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. रम, चार ओळी, खोटं वाचन, तिच्या दारात बोललेलं खोटं. आजीचं नाव सांगितलं तेव्हा लेक हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली. मला वाटलं, आता चप्पल काढतील. काढायलाच पाहिजे होती.

म्हातारी शिव्या देईना. जवळ सरकून बसली. "माझं इचारत व्हतं व्हय?" म्हणाली.

"प्रत्येक वेळंला, वहिनी."

"काय इचारत व्हतं?"

मी सांगितलं. पोटुशी आहेस तर दोन दोन घागरी उचलू नको म्हणायचा. पायरीवर जपून उतर म्हणायचा. सुट्टीला आलो की सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेत नेईन, पाळण्यात बसवीन म्हणायचा.

तिच्या चेहऱ्यावर लाज आली. या वयात, नव्या नवरीसारखी. "मत्त?" तिनं कानडीत विचारलं. म्हणजे, अजून?

गाईचं सांगितलं.

"मत्त?"

मी डोकं खाजवलं. सात पत्रं, प्रत्येक खेपेला अर्धा-अर्धा तास तो बोललेला. तेव्हा सगळं घडाघडा म्हणून दाखवायचो. आता काही म्हणता काही येईना. रचून सांगता आलं असतं, तिला कुठं कळणार होतं? जीभ वळवळलीसुद्धा. मी तिला आवरली.

"आठवत न्हाई, वहिनी."

तिनं माझी बाही धरली.

"पन्नास वर्सं मी त्याच्यावर रुसून हाय, अण्णा," ती म्हणाली. "आठवा की. आजून येक तरी आठवा."

मला आठवलं नाही.